टर्बोची गाडी आणि आंतोनची विहीर

मला कोणी धड बसू देत नाही. अंगणात खुर्ची टाकून पाय लांब केले की कोणीतरी येतं, आमचाच चहा पितं आणि वर म्हणतं, "रघूकाका, ती दारूवाली गाडी सांगा ना!" आयुष्यभर इंजिनं उघडली, गिअरबॉक्स उतरवले, ते कोणाला नको. गॅरेजच्या किश्श्यांचं असंच. ग्रीससारखे. हात कितीही घासा, नखात उरतातच. आता पुतणी म्हणते, लिहूनच द्या. शाळा मी चौथीत सोडली. चुका तुम्ही काढा, मला येऊन सांगू नका.

माझं गॅरेज गिरीज गावात, आंतोनच्या वाडीत. आंतोन माझा लहानपणापासूनचा दोस्त. केळी, नारळ, थोडी भाजी. वाडीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, त्यानं मला पत्र्याची शेड घालायला जागा दिली. "रगू, तू हितं बस. मला बोलायला कोनतरी पायजे." एवढाच करार! रोज दुपारी तो स्वतःच्या विहिरीची कळशी घेऊन यायचा, मी केटल ठेवायचो, आणि चहा संपेपर्यंत गाड्या उभ्या. गिऱ्हाईक बोंबललं तर बोंबलू दे.

०

एक दिवस एव्हरशाईन सिटीच्या बिल्डिंगांतून समीर आला. नोकरीवाला, गोड बोलणारा. गाडी टर्बोची. हातात एक खोकं.

"काका, इंजिनात अल्कोहोल मारायचंय."

"का? हळद आहे का तिची, दारू पाजायला?"

मग त्यानं समजावलं. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबली की हवा तापते. फार तापली की इंजिन आतून ठोकायला लागतं, पत्र्यावर हातोडी मारावी तसं, आणि एक दिवस पिस्टन जातो. म्हणून तापलेल्या हवेत अल्कोहोल आणि पाण्याचा फवारा. किती प्रेशरला फवारा सुरू, कितीला पूर्ण उघडा, ते ठरवणारी डबी म्हणजे कंट्रोलर. तिच्यावर दोन स्क्रू. बस.

आंतोन चहा पीत ऐकत होता. टाकी, पंप, पाइप, नोजल बघितलं आणि खदखदून हसला. "हा तर केळीवर मारायचा फवारा! मग मला इचारा ना!"

त्या दिवसापासून तो फवाऱ्याचा साहेब झाला. त्याला कोणी नेमलं नव्हतं.

०

खोक्याबरोबर अल्कोहोलचा कॅनही आला. बातमी गावभर. संध्याकाळ झाली की एकेक जण डोकावायला लागला. "काय रघू, गाडी कशी हाय?" ज्यांनी जन्मात सायकल घेतली नाही, तेसुद्धा गाडीची चौकशी करायला!

मी कॅनवर लाल रंगानं फुली मारली आणि मोठ्यानं सांगितलं, "हे पोटात गेलं तर डोळे जातात. मग जीव जातो."

दुसऱ्या दिवशी गाडीचं कोणी विचारलं नाही.

०

पहिल्यांदा वेगळी टाकी बसवलीच नाही. समीर म्हणाला, काच धुवायच्या पाण्याची टाकी आहे ना, तीच वापरू, जागा वाचेल. मला पटलं नव्हतं, पण गिऱ्हाईक शिकलेलं असलं की आपण गप्प बसतो.

रविवारी सकाळी आंतोन मिस्सेला निघाला होता. पांढरा शुभ्र शर्ट, केस चापून. समीर म्हणाला, "अंकल, बसा, सोडतो." चर्चच्या फाटकाशी गाडी थांबली. काचेवर धूळ, म्हणून समीरनं सवयीनं वायपरचं बटण दाबलं. आंतोन खिडकीतून डोकं बाहेर काढून कोणालातरी हात करत होता. सगळा फवारा वाऱ्यानं त्याच्या छातीवर!

आता हा माणूस असा, की लग्नातसुद्धा सरबताचा ग्लास धरून बसणार. आयुष्यात थेंब घेतला नाही. आत बाकावर बसला तशी शेजारची माणसं हळूहळू सरकायला लागली. मिस्सा संपल्यावर फादरांनी खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "आंतोन, घरी सगळं ठीक आहे ना?"

वेगळी टाकी त्याच दिवशी डिकीत बसली!

०

मग ट्यूनिंग. फवारा लवकर सुरू केला तर इंजिन ठसकतं, उशिरा केला तर ठोकतं. मधली जागा शोधायची, स्क्रू केसभर फिरवून. त्यासाठी गाडी दाबून पळवायला लागते. आम्ही आपले गेलो शेजारच्या भुईगावला! एका वळणावर भाजीची टोपली घेतलेली बाई, दुसऱ्यावर म्हैस, तिसऱ्यावर दोन म्हातारे गल्ली अडवून बोलत उभे. टर्बोला जाग यायच्या आत ब्रेक.

शेवटी पहाटे हायवेला गेलो. समीर चालवतोय, मी बाजूला, कान इंजिनाकडे. आंतोनला मागच्या सीटवर बसवला. त्याचं काम एकच. प्रेशरचा काटा बघायचा आणि हिरवा दिवा पेटला, म्हणजे फवारा सुरू झाला, की काटा कुठे आहे ते ओरडून सांगायचं.

समीरनं पाय दाबला. गाडी अशी सुटली की माझी टोपी मागे. टर्बोची शिटी, पंपाची घरघर, पण मागून आवाज नाही. गाडी थांबवली.

"आंतोन! काटा कुठे होता?"

"म्हायती नाय." डोळे मिटलेले, हातात जपमाळ. "मी नमो मरियात होतो."

पुन्हा गेलो. पुन्हा नमो मरिया! शेवटी जपमाळ मी माझ्या खिशात ठेवली, तेव्हा कुठे काटा सापडला. पण गाडी अशी गुळगुळीत पळाली म्हणून सांगू! परत येताना तिघंही लहान पोरांसारखे हसत होतो. तसा दिवस पुन्हा आला नाही.

०

टाकीत अर्धं अल्कोहोल, अर्धं डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी. तसं कागदावर लिहिलेलं होतं. समीर पाण्याचा कॅन घेऊन आला आणि आंतोनचं तोंड उतरलं.

"पानी इकत आनलं? माझ्या वाडीत उभं राहून?"

त्याची विहीर म्हणजे काय, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. गावातली लग्नं त्या पाण्यावर झाली. सुनेला पहिल्यांदा घरी आणली की आधी या विहिरीचं पाणी पाजायचे. आम्ही पोरं शाळा बुडवून तिच्या काठावर पालथे पडायचो, तळ दिसायचा. त्याच्या आज्यानं खणलेली. आंतोनला एक वेळ शिवी द्या, विहिरीबद्दल बोलू नका.

समीर भिडस्त. त्यानं विकतचं पाणी बाजूला ठेवलं आणि विहिरीचं भरलं. मलाही वाटलं, त्या पाण्याला काय होणार!

थोडे दिवस झकास गेले. मग समीर गाडी दोरीनं ओढून घेऊन आला. हायवेला इंजिन ठोकायला लागलं होतं. मी नोजल काढलं. तोंडाशी पांढरा दगड! फवारा कधीच बंद पडलेला. माझी नजर केटलकडे गेली. आत तसाच थर. किती दिवसांचा, कोणास ठाऊक. दूध-साखरेच्या चहात आम्हाला कळलंच नव्हतं. इकडे बिल्डिंगा वाढल्या, टँकरनी जमिनीतलं पाणी उपसलं, खालून समुद्र आत आला. आजूबाजूच्या विहिरी आधीच गेल्या होत्या.

माझ्या तोंडाला फाटक नाही. मी बोललो, "आंतोन, तुझी विहीर खारी झाली."

त्यानं कप खाली ठेवला. "माझी विहीर नाय. तुझा पाइप सडका. तुझं कामच सडकं!"

गिऱ्हाइकासमोर बोलला. इतक्या वर्षांत माझ्या कामाला कोणी सडकं म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शेड काढ, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं. मी समोर दिसणाऱ्या वाडीकडे पाठ करून चहा प्यायचो. नोजल साफ केलं, विकतचं पाणी भरलं, गाडी पळाली. पण तिच्यातून चक्कर मारायला कोणी नव्हतं.

०

फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, त्यानं मला बोलावणं धाडलं. गेलो. ओटीवर पाहुणे भरलेले. आंतोननं आतून तांब्या-पेला मागवला. त्याची बायको फिलूवहिनी घेऊन आली.

"पी," आंतोन म्हणाला. "माझ्या विहिरीचं. आनि सांग सगल्यांना, कसं हाय."

मी प्यालो. गोड! अगदी पहिल्यासारखं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी कान धरले. "चुकलो रे बाबा. गोड हाय." आंतोननं मला मिठी मारली, आणि पाहुण्यांना सांगितलं, "बोललो ना, याचा पाइपच सडका!"

हात धुवायला मागच्या दाराशी गेलो. दारामागे, गोणपाटाखाली, विकतच्या पाण्याचे निळे जार. वहिनी तिथेच उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

मी ओटीवर येऊन गुपचूप जेवलो. दुसऱ्या दिवशी कळशी आली. चहा झाला. केटलमध्ये पुन्हा पांढरा थर धरला नाही.

०

फिलूवहिनी मागल्या पावसाळ्यात गेली. गॅरेज त्याआधीच बंद झालं होतं, गुडघे संपले माझे. थोड्या दिवसांनी मी आंतोनला भेटायला निघालो. जार आणणारी गेली. आता याला कळणार. घरात नुसता खारा घोट, आणि सांगायला कोणी नाही.

वाडीच्या वळणावर पाण्याचा टेम्पो उभा. आंतोन स्वतः, लुंगी खोचून, निळा जार खांद्यावर घेऊन मागच्या दारानं आत जात होता. टेम्पोवाला म्हणाला, "हे बाबा आमचे जुने गिऱ्हाईक. पहिल्यापासून जार हेच उतरवून घेतात."

मी झाडाआड जरा थांबलो. मग पुढच्या दारानं हाक मारली. त्यानं बसवलं. पेला भरून दिला.

"इहिरीचं. गोड हाय का नाय?"

"गोड हाय," मी म्हटलं.

हे छापून आलं तर तो वाचेल. वाचू दे. पण माझा पाइप सडका नव्हता. माझं कामही सडकं नव्हतं. फेस्ताला, भरल्या ओटीवर मी कान धरले होते. आता त्याच ओटीवर, तसेच कान धरून, कोणीतरी माझी माफी मागायची राहिली आहे.

आंतोन.