आण्णांच्या देखत

शेवंताबाईला हागण्या-मुतण्याची किळस कधीच आली नाही. उमेदीची सगळी वर्षं तिनं दवाखान्यात आया म्हणून काढली होती. रक्तानं भरलेली धुणी आणि ओकारीची भांडी तिनं नाक न मुरडता धुतली. तिला शिसारी यायची ती माणसांची. धडधाकट, अंघोळ केलेल्या, कपाळाला गंध लावलेल्या माणसांची. कुणाचं वागणं डोक्यात गेलं की तिच्या पोटात खरोखर ढवळायचं, आणि ती तोंडावर सांगून मोकळी व्हायची, "मला मळमळाय लागलंय तुमच्याकडं बघून." अशी बाई कुणी कामावर ठेवावी? पण सरोजिनीताईंनी ठेवली.

शेवंताबाईचं माहेर शाहूवाडीकडच्या डोंगरातलं. घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा ती परकरी पोर होती. बापानं देव्हाऱ्यातले टाक पाटीत घालून ओढ्याला सोडले आणि घरच्यांना बजावलं, आजपासून कुणापुढं मान खाली घालायची न्हाय. बाकीच्यांनी ऐकलं आणि सोयीनं विसरले. हिनं मात्र ते मनावर घेतलं. लग्न होऊन कोल्हापुरात आल्यावर सासूनं लवकरच हात टेकले. नवरा छापखान्यात कामाला, गरीब स्वभावाचा, तो आधीपासूनच टेकून होता.

सरोजिनीताई बायकांची एक संस्था चालवायच्या. ऐंशी सालच्या सुमाराला त्यांनी नवं काम काढलं. ज्या घरात आई गेलेली, बाप पिणारा, किंवा लहान पोराकडं बघायला कुणाला सवड नाही, अशा घरी जायचं आणि मोठ्या माणसांना पोराशी वागायला शिकवायचं. पोरानं आवाज काढला की आपण उत्तर द्यायचं. त्याच्या डोळ्यांत बघायचं. ते हात वर करतंय की तोंड फिरवतंय, त्याचं म्हणणं काय आहे ते आधी बघायचं आणि मग उचलायचं. ताई पुण्याला शिकून आलेल्या, साडीला इस्त्री, बोलणं मऊ. त्यांनी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा शेवंताबाई फिस्सकन हसली. "ताई, हे तर कुत्रीबी करती पिलास्नी. ह्यात काय शिकवायचं?"

थोडे दिवस घरं फिरली आणि तिचं हसू आटलं. एका घरात पोराचा पाय खाटेला बांधलेला. दुसरीकडं आई कामाला जाताना पोराला अफूची गोळी चाटवून जायची, म्हणजे संध्याकाळपर्यंत घोर नाही. तिसऱ्या ठिकाणी बाप आपल्या पेल्यातला घोट वर्षाच्या लेकराला पाजायचा आणि त्यानं तोंड वाकडं केलं की मित्रांना टाळ्या द्यायचा. शेवंताबाई घरी आली की आधी खळाखळा चूळ भरायची, मगच नवऱ्याशी बोलायची.

त्यातच तिच्याकडं शहराबाहेरच्या गडमुडशिंगी गावातलं घर आलं. पिराजीचं. पिराजी शाहूपुरीच्या गूळबाजारात हमाल. सकाळी सायकल मारत जायचा, दिवसभर पाठीवर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, वाहायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. बायको बाळंतपणातच गेली आणि मागं राहिला गुंडू. घरात पिराजीचे वडील आण्णा, थोरला भाऊ, भावजय धोंडुबाई आणि तिची स्वतःची चिल्लीपिल्ली.

पहिल्या दिवशी शेवंताबाईनं गुंडूला पाहिलं तेव्हा तो वर्षाचा व्हायला आला होता. सोप्यात पोत्यावर पडलेला. डोळ्याच्या कोपऱ्यात माशी बसली होती आणि पोर पापणी हलवत नव्हतं. तिनं टाळी वाजवली, चुटकी वाजवली. त्यानं मान वळवली नाही.

"लई गुणाचं हाय," धोंडुबाई कौतुकानं म्हणाली. "रडणं न्हाय, काय न्हाय. टाकल्याली जागा सोडत न्हाय."

शेवंताबाईच्या पोटात ढवळलं.

आण्णा उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होते. उंबरा ही त्यांची जागा. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, कोण कुणाशी बोललं, सगळं तिथनं दिसायचं. त्यांनी तिला आडनाव विचारलं आणि म्हणाले, "बाई, तितंच अंगणात बसा. पोर भाईर आणून देतील." आता बघा, आत घ्यायची सोय नाही, घोटभर पाणी विचारायची सोय नाही. पण पोराच्या मांड्यांवर खपली धरलेली घाण भिजवून काढायला तिचेच हात चालले. ती निघाली की धोंडुबाई गुंडूवर पाणी शिंपडायची आणि मगच आत न्यायची. घाणीत लोळताना पोर शुद्ध होतं, ती धुणाऱ्या हातांनी बाटलं. ह्याला काय म्हणायचं?

बाजार बंद असलेल्या दिवशी ती पिराजीला गाठायला आली. "जरा मांडीवर घे पोराला," म्हणाली. पिराजी कानापर्यंत लाल झाला. त्यानं उंबऱ्याकडं पाहिलं, उठला, "म्हशीला पाणी दावायचं हाय" म्हणाला आणि गेला.

तो का गेला ते शेवंताबाईला पक्कं ठाऊक होतं. बाप जिवंत असताना, त्याच्या देखत, स्वतःचं मूल उचलायचं नाही. लाड तर सोडाच, नाव घेऊन हाकसुद्धा मारायची नाही. निलाजरेपणा तो. भावाची पोरं खांद्यावर घेऊन गावभर मिरव, पण आपल्या पोराकडं बघायचं नाही. तिच्या माहेरीही हेच. देव ओढ्याला गेले, ही लाज घरातच राहिली. आई असली की चालून जातं, पोर तिच्या अंगावर वाढतं. इथं आईच नव्हती. रीतीप्रमाणं थोरल्या काकानं गुंडूला खांद्यावर घ्यायचं, पण काका घरी यायचा तो झोकांड्या खात. म्हणजे पोराला रीतीतलंही काही मिळालं नाही. लाज तेवढी सगळ्यांनी नीट सांभाळली. शेवंताबाई बसथांब्याकडं जाताना मोठ्यानं म्हणाली, "थू तुमच्या लाजंवर," आणि जाणारायेणारानं वळून बघितलं.

मग तिनं डोकं चालवलं. धोंडुबाईला सांगितलं, पोराला वजनाला न्यायला लागतंय, आणि गुंडूला बसमध्ये घालून थेट गूळबाजारात नेलं. जेवणाच्या सुट्टीत हमाल वखारीत टेकलेले असायचे. तिथं उंबरा होता, पण त्यावर आण्णा नव्हते.

"धर," ती म्हणाली आणि पोर पिराजीच्या मांडीवर ठेवलं. "आता कायबी करू नगंस. त्यानं काय केलं की मग तू कर."

पिराजी आकडला. बाकीचे हमाल खिदळले, शेवंताबाईनं एकदा बघितल्यावर गप्प झाले. गुंडू बराच वेळ नुसता पडून होता. मग पिराजीच्या सदऱ्याला लागलेल्या गुळाकडं त्याचं बोट गेलं. ते चिकटलं. त्यानं "अं" केलं.

पिराजीनं दाराकडं पाहिलं, मग पोराकडं, आणि हळूच म्हणाला, "अं."

गुंडूनं मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी जबाब दिला होता. त्यानं पुन्हा "अं" केलं. पिराजीनं पुन्हा जबाब दिला, आणि त्याचा आवाज चिरकला. शेवंताबाईनं पदर तोंडाला लावला. तिला ढवळलं नाही, हे तिचं तिलाच नवल वाटलं.

पुढं जमेल तेव्हा ती पोराला वखारीत आणू लागली. पिराजीसारखा शिकणारा तिनं पाहिला नव्हता. पोरानं तोंड फिरवलं की तो थांबायचा. पोर वळलं की हसायचा. गुंडूचे डोळे उघडले, अंगावर मांस आलं, रांगायला लागला. हमालांनी त्याला तराजूच्या एका पारड्यात बसवलं आणि दुसऱ्यात रवा ठेवला, तेव्हा तो वर गेला आणि खदखदून हसला. बापाला "द्दा" म्हणायला लागला. पिराजी दिसला रे दिसला की दोन्ही हात वर. शेवंताबाईनं ताईंना छाती काढून सांगितलं, "हे घर लागलं मार्गी."

कसलं मार्गी? तिनं वखारीचा विचार केला होता, संध्याकाळचा केलाच नव्हता. सायकल अंगणात वाजली की गुंडू रांगत दाराशी जायचा, हात वर करायचा, "द्दा" म्हणायचा. आणि पिराजी, आण्णांच्या देखत, वाटेतलं भांडं ओलांडावं तसा त्याला ओलांडून गोठ्याकडं जायचा. पूर्वी पोराला काय मिळत नाही हेच माहीत नव्हतं. आता माहीत होतं. ते ऊर फुटेस्तवर रडायचं.

"काय करून ठिवलंसा ह्याला?" धोंडुबाईनं तिला फैलावर घेतलं. "गप पडून असायचं की. आता रोज सांजचं डोस्कं उठिवतंय."

आण्णांनी निरोपच धाडला. तुमच्या संस्थेचं बालगृह हाय म्हणं, पोर घेऊन जावा.

सरोजिनीताई स्वतः रिक्षानं आल्या. त्यांना सोप्यात खुर्ची मिळाली, शेवंताबाईला अंगण. आण्णा उंबऱ्यावर. पिराजी खांबाला टेकून उभा. ताई म्हणाल्या, "पिराजी, मूल तुमचं आहे. तुम्ही नको म्हणालात तर आम्ही नेणार नाही. त्याला जवळ घ्या आणि एवढंच सांगा, मी सांभाळतो. दूध, औषध आमच्याकडं लागलं."

गुंडू रांगत आला. पिराजीचं धोतर धरून उभा राहिला. "द्दा," म्हणाला.

पिराजी आढ्याकडं बघत राहिला.

"पिराजी, घे की," शेवंताबाई अंगणातनं म्हणाली. तिचा जीव तीळतीळ तुटत होता.

"त्यो काय सांगणार?" आण्णा म्हणाले. "म्या सांगतोय न्हवं? न्या."

"द्दा."

पिराजी वाकला. धोतराला धरलेली मूठ त्यानं सोडवली, एकेक बोट उलगडून, आणि पोराला भावजयीकडं सरकवलं. "वैनी, धरा ह्याला."

शेवंताबाई उठली आणि पहिल्यांदाच उंबऱ्याला येऊन भिडली. "आण्णा, घटकाभर मागच्या परड्यात जाऊन बसा. एवढंच करा."

"माझ्या घरातनं मी उठू?" आण्णांनी तंबाखूची चिमूट ओठात सोडली. "आमचा बा मरूस्तवर ह्याच उंबऱ्यावर बसला. म्याबी ह्या पिऱ्याला कवा हात लावला न्हाय. मेला का त्यो?"

शेवंताबाईनं पिराजीकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "मला तर वास याय लागलाय," ती म्हणाली. तिनं धोंडुबाईच्या हातातनं पोर घेतलं आणि रिक्षात जाऊन बसली.

गावाच्या वळणावर रिक्षाला अचानक ब्रेक लागला. पिराजी परड्यामागच्या बोळातनं धावत आला होता. अनवाणी, धोतर गुडघ्याच्या वर, छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती. त्यानं हात पुढं केले आणि गुंडूनं रिक्षातनं त्याच्या अंगावर झेप घेतली. पिराजी त्याचं डोकं हुंगत होता, "गुंड्या, माझ्या गुंड्या" म्हणत होता. पोरानं काही केलं की हा जबाब देत होता. पोरानं रुसून तोंड फिरवलं तर हा थांबला, आणि ते वळलं तेव्हा दोघंही हसले. ताई मांडीवर पर्स धरून बघत राहिल्या.

"हाच का तो, मघाचा?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग परत चला. आत्ताच्या आत्ता."

शेवंताबाई खाली उतरली. "ऐकलास न्हवं? हितनं असाच कडंवर घेऊन चल घरात. आमी मागनं येतो. एक डाव उंबरा वलांड, पिराजी. पोर तुझं ऱ्हाईल."

पिराजीनं बोळाकडं पाहिलं. तिथनं घर दिसतसुद्धा नव्हतं. तो दोन पावलं गेला आणि थांबला.

"आण्णा बसल्यात की वं," तो म्हणाला.

मग त्यानंच गुंडूला परत तिच्या हातात दिलं. त्याच्या डोळ्यांत बघत, नीट, शिकवलं होतं तसं. "रिक्षात वारं लागंल," म्हणाला, "टोपरं घाला त्येला."

शेवंताबाईच्या घशाशी आंबट आलं. ती रिक्षात बसली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चल."

ताईंचे डोळे भरले होते. "मला कळत नाही, शेवंताबाई. इतकी माया आहे, मग घरात का नाही?"

"घरात त्यो बाप न्हाय, ताई," शेवंताबाई म्हणाली. "घरात त्यो पोरगा हाय."

गुंडू तिच्या खांद्यावरनं मागं बघत "द्दा, द्दा" करत होता. तिनंही मागं वळून बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. आण्णांनी हाक मारायच्या आत परड्यात पोचायला पिराजी बोळातनं पळत सुटला होता.