लाल गोळा करंगळीकडं

गोळीमामा कॉलेजात रसायनशास्त्राचे शिपाई. हाताला सुताराचं वळण, म्हणून रेणूंचे लाकडी सांगाडे तेच करायचे. मधे काळा गोळा, त्यात चार काड्या, काड्यांना चार रंगांचे गोळे. पोरांनी नाव पाडलं ते पाडलंच.

बारा वर्षांमागं स्नायूंतल्या आम्लाचा जुना सांगाडा पडून फुटला. सरांनी पातळ कागदावर चित्र काढलं, स्वतःच्या हातानं मामांच्या फळीवर टाचलं, पण पालथं. मामांनी कागदातून आरपार दिसलं तसं केलं. झाल्यावर सवयीनं पांढरा गोळा तळहातात, निळा बोटांकडं धरला आणि थबकले.

“सर, जुना असा धरला की लाल गोळा अंगठ्याकडं यायचा. हा करंगळीकडं जातोय.”

“चारही रंग आहेत ना? मग झालं. आता तुम्ही मला रसायन शिकवणार?”

हेच सर दरसाल वर्गात दोन्ही पंजे वर करून सांगायचे, की डावा पंजा म्हणजे उजव्याचं आरशातलं रूप, पण डाव्याचा हातमोजा उजव्याला चढत नाही. रेणूंचंही तसंच. तोंडानं सांगायचं, कपाटात डोकावतंय कोण?

यंदा तपासणीला बाहेरच्या बाई आल्या. मामांच्या निवृत्तीला दीड महिना उरलेला. मुदतवाढीचा अर्ज सरांच्या टेबलावर सहीवाचून लोळत होता, आणि घरी बायको अंथरुणाला खिळलेली. पगार थांबला की तिचं औषध थांबणार.

बाईंनी सांगाडा फिरवून बघितला. “पाटी एकाची, रेणू त्याच्या आरशातल्या जुळ्याचा! कुणी केलं हे?”

“आमचा शिपाई,” सर म्हणाले. “अडाणी माणूस. त्याला काय कळतंय डावं-उजवं!”

मामांच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात नजर अर्जावर गेली. गिळलं.

“चुकलं, बाई.”

लाल आणि पिवळा गोळा उपटून त्यांनी एकमेकांच्या जागी बसवला. रेणू सरळ झाला. विड्याचं पान लावायलाही याहून जास्त वेळ लागतो.

बायकोला सगळं आधीपासून ठाऊक. संध्याकाळी तिनं विचारलं, “बोललात का खरं?”

“सही मिळाली.”

ती भिंतीकडं तोंड करून निजली.

आता त्या धड्याला सर एक विनोद सांगतात. “आमच्या मामांनी बारा वर्षं पोरांना उलटा रेणू दाखवला!” वर्ग खिदळतो. मागच्या बाकांना नीट दिसावा म्हणून सांगाडा उंच धरून मामा शेजारीच उभे असतात.