म्हणा, पाणी

लकवा मारला त्या सकाळी ते सपरीत, म्हणजे आमच्या पुढच्या पडवीत, आरसा टांगून दाढी करत होते. हातातला मग पडला, साबणाचं पाणी मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पसरलं आणि मी चुलीपासूनच ओरडले, "सांडलं ना! एक काम धड होत नाई तुमच्यानं!" नवऱ्याच्या अर्ध्या अंगातून जीव जात होता, आणि मी त्याला हे ऐकवत होते. आजही फडकं हातात घेतलं की आधी तेच आठवतं.

बाहेर येऊन बघते तर एका गालावर फेस, तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लोंबकळतोय. माझ्याकडे बघून काहीतरी सांगायची धडपड चालली होती आणि तोंडातून नुसता "ता" निघत होता. मी आरडाओरडा केला, गल्ली जमा झाली. शेजारचे काका पारवा घेऊन धावत आले. आमच्याकडे लकव्यावर पारव्याचं रक्त चोळतात. माझा नवरा गावातला बौद्धाचार्य. लग्नं लावणं, बारशी करणं, मयताच्या पुण्यानुमोदनाला वंदना घेणं आणि लोकांना अंगारे-धुपारे सोडा म्हणून सांगत फिरणं, यात त्याची उमर गेली. "तो पारवा घेऊन निघा इथून," मी काकांना म्हटलं, "नाई तं आधी तुमचीच मान मुरगाळीन." बिचारे चांगल्या मनानं आले होते. पण माझं तोंड असं आहे. गाडी मिळायला वेळ गेला, आम्ही चंद्रपूरला पोचलो तेव्हा दुपार झाली होती, आणि डॉक्टरांनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

जीव वाचला. उजवा हात गेला, पाय ओढत चालण्याइतका राहिला, आणि बोलणं पार गेलं.

बोलणं कोणाचं गेलं, तर ह्यांचं! नोकरीभर एसटीत कंडक्टर. अहेरी-सिरोंच्याच्या गाडीत अर्धे लोक गोंडी बोलायचे, अर्धे तेलुगू, आणि हा माणूस तिकडच्या चार शब्दांत आपलं झाडीपट्टीचं मराठी मिसळून सगळ्यांशी गप्पा मारायचा. घरी आले की दारातूनच हाक, "अवं!" नाव त्यांनी माझं कधी घेतलं नाही. मी म्हणायची "अजी", ते म्हणायचे "अवं". त्या एका "अवं"चे दहा अर्थ होते. चहा दे, चष्मा कुठी ठेवला, पाहुणे आले, रागावली काय. नुसत्या आवाजावरून मला कळायचं. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी आठवडाभर त्या हाकेची वाट बघितली. भूक लागली तरी "ता", लघवीला लागली तरी "ता", माझी आठवण आली तरी "ता" असेल, मला काय माहीत. मला दुसरं काही नको होतं. हात नको, पाय नको. एक "अवं" पाहिजे होतं.

डॉक्टर म्हणाले होते, त्यांच्याशी बोलत राहा, सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. हे मला सांगायची गरज नव्हती. मी पहिलीच्या वर्गाची बाई. रिटायर होईस्तोवर पहिलीच शिकवली, तीही जंगलातल्या गावांत, जिथं पोरं घरून गोंडी घेऊन यायची आणि मराठीचा एक शब्द त्यांना येत नसे. माझी एक पद्धत होती. पोरानं माठाकडे बोट दाखवलं की मी हलायची नाही. "बोट नको दाखवू. तोंडानं सांग. म्हण, पाणी." रडलं तरी नाही. म्हटलं की लगेच ग्लास भरून द्यायची, गालाला हात लावायची. दिवाळीपर्यंत सगळा वर्ग मराठीत बोलायचा. साहेब तपासणीला आले की खुश होऊन जायचे. मला त्या पद्धतीचा गर्व होता, खोटं कशाला सांगू.

मग घरात शाळा सुरू झाली. भिंतीवर चित्रांचे तक्ते लावले. गाय, घर, ताट, पाणी. आंघोळ झाली की खाटेवर उशी टेकवून बसवायची आणि छडीनं तक्ता दाखवायची. मारायला नव्हे, दाखवायला. ते बघायचे, ओठ हलवायचे, कपाळावर घाम यायचा. "ता… ता." कधी कधी रडायचे. रडले की मला अजून राग यायचा. आठवड्यातून एकदा व्यायाम घ्यायला दवाखान्यातला एक भाऊ यायचा, त्यानं पाय चांगला आणला. काठी धरून ते खाटेपासून दारापर्यंत जायला लागले. अकरा पावलं. मी रोज मोजायची. बोलणं मात्र जिथल्या तिथं.

वैशाख पौर्णिमेला गावातल्या पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून विहारात नेलं. पांढरा शर्ट मीच इस्त्री करून घातला होता. आता वंदना घ्यायला दुसरा माणूस उभा होता, ते बघून ह्यांची मान खाली गेली. सगळ्यांनी हात जोडले, वंदना सुरू झाली आणि माझ्या बाजूला एक आवाज उठला. मोकळा, खणखणीत, गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा तोच आवाज. माझ्या नवऱ्याचा! त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं, एक शब्द चुकला नाही, कुठं अडखळले नाहीत. डावा हात एकटाच छातीशी उभा होता. लोक गप्प होत गेले आणि शेवटी ते एकटेच म्हणत राहिले. बायका डोळे पुसत होत्या. मला तर वाटलं, सुटलो, गेलं संकट.

घरी आल्याबरोबर मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. "अजी, आता म्हणा. अवं म्हणा."

"ता."

"बरं, पाणी म्हणा."

"ता… ता."

माझी नणंद त्या दिवशी आमच्याकडेच होती. ती दाराला टेकून बघत होती. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "वैनी, राग नको मानू. भाऊले बोलता येते. तुह्याशीच बोलून नाई राह्यला तो."

चुलीवर भाजी होती ती करपली. नणंद संध्याकाळच्या गाडीनं गेली, पण तिचं ते वाक्य घरात राहिलं. खरंच असेल का? इतकी वर्षं ह्या माणसानं माझं तोंड सहन केलं. लकवा मारला तेव्हासुद्धा पहिला शब्द त्यानं माझा कोणता ऐकला? फरशी खराब केली म्हणून शिवी. मग कशाला बोलेल तो माझ्याशी? सगळ्या गावादेखत वंदना म्हणेल आणि घरी येऊन मला "ता" देईल! मला स्वतःचीही कीव आली आणि त्यांचाही राग आला, दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. कूलर बंद. चंद्रपूरकडचा वैशाख ज्यानं भोगला त्याला सांगायला नको, भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. त्यांनी माठाकडे बोट दाखवलं.

मी उठले, ग्लास भरला, आणि त्यांच्या उजव्या अंगाला स्टुलावर ठेवला. मेलेल्या हाताच्या बाजूला. मुद्दाम ठेवला.

"बोट नका दाखवू. तोंडानं सांगा. म्हणा, पाणी."

"ता."

"काल अख्खी वंदना म्हटली! आज दोन अक्षरं येत नाईत? मले मूर्ख समजता काय? ननंद म्हणते थे खरं आहे काय? मी आवडत नाई ना तुमाले? म्हणा तसं. थे तरी म्हणा!"

त्यांनी डोळे मिटले. ओठ कोरडे पडले होते, जीभ त्यावरून फिरत होती. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मी उठले नाही आणि ग्लासही सरकवला नाही. मग त्यांनी डावा हात उचलून छातीशी उभा धरला, ग्लासाकडे बघितलं, आणि वंदना म्हणायला सुरुवात केली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माझी थट्टा करतोय! पाणी म्हणायचं नाही म्हणून मुद्दाम वंदना म्हणतोय! मी ग्लास उचलला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत अंगणात ओतून दिला. पाणी मातीत गेलं. ते थांबले नाहीत. आवाज घोगरा झाला तरी पंचशील पूर्ण केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मला ते ऐकवेना. मी आत गेले, दार ओढून घेतलं आणि कानावर हात ठेवून बसले. खरंच ठेवले, लहान पोरासारखे.

मग माठ फुटल्याचा आवाज आला.

ते खाटेवरून उठले होते. काठी न घेता. माठापर्यंत पोचलेसुद्धा, आणि तिथं पाय गेला. कुशीवर पडले होते, आजूबाजूला खापरं, आणि वाहून चाललेल्या पाण्यात ते डावा तळवा बुडवून ओठाला लावत होते. मी आले हे त्यांना कळलं. तरी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आधी तळवा चाटून घेतला.

खुबा मोडला. अकरा पावलं गेली, कायमची. ऑपरेशन झालं, पण तो पाय परत जमिनीला टेकला नाही.

दवाखान्यात बोलणं शिकवणारी एक मॅडम होती, माझी लेक शोभेल एवढी. मी तिला सगळं सांगितलं, ग्लास ओतला तेही सांगितलं. म्हटलं, कोणाला तरी सांगितल्याशिवाय मी जगणार नाही. तिनं मला रागावावं असं मला वाटत होतं. ती रागावली नाही. म्हणाली, "बाई, वर्षानुवर्षं पाठ असलेलं असतं ना, ते एकदा सुरू झालं की आपोआप बाहेर पडतं. प्रार्थना, गाणी, पाढे. पण स्वतःचा शब्द शोधून काढावा लागतो, आणि त्यांची इजा नेमकी तिथंच आहे. हे ढोंग नाही. तुमच्यावरचा रागही नाही."

"मंग ग्लासाकडे बघून वंदना काऊन म्हटली त्यांनी?"

ती म्हणाली, "तुम्ही बोला म्हणत होता ना? त्यांच्याजवळ बोलणं तेवढंच होतं. तेच त्यांनी दिलं."

मी त्या व्हरांड्यात बाकावर बसून ओरडून रडले. लोक बघत होते, बघू दे. मला एकदम माझ्या शाळेतली एक पोरगी आठवली. बारकी, नाकात शेंबूड, माठासमोर उभी राहून "येर, येर" म्हणायची. गोंडीत येर म्हणजे पाणी. मला माहीत होतं की! मला चांगलं माहीत होतं ती काय मागते, आणि तरी मी ग्लास पाठीमागे धरून म्हणत होते, म्हण पाणी. साहेब खुश व्हायचे माझ्यावर.

आता ते खाटेवरच असतात. मी दर दोन तासांनी कूस बदलते, पाठीला पावडर लावते, जखम होऊ नये म्हणून. तक्ते काढून टाकले, भिंतीला चिकटपट्टीचे डाग तेवढे उरलेत. आणि तहान लागली की ते वंदना म्हणतात. कोणी शिकवलं नाही, मीच शिकवलं म्हणा ना. पहिला शब्द कानावर पडला की मी हातातलं टाकून धावते, त्यांनी पुढचं म्हणायच्या आत ग्लास ओठाला लावते. मॅडम फोनवर सांगते, जरा थांबत जा, त्यांना प्रयत्न करू द्या. माझ्याच्यानं थांबवत नाही. नणंद आली होती, तिनं वंदना ऐकून भक्तिभावानं हात जोडले आणि मी मधेच पाणी पाजलं म्हणून मलाच बोलली, "वैनी, वंदना तं पुरी होऊ दे!" तिला मी काहीच सांगितलं नाही. माझं तोंड आता तेवढं चालत नाही.

परवा सकाळी मी अंगणात धान पाखडत होते. आतून आवाज आला. धावत गेले, ग्लास लावला. त्यांनी ओठ मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं आणि ते म्हणतच राहिले. चादर बघितली, कोरडी होती. पंखा चालू होता. उशी सरकवली, कूस बदलली, पेजेची वाटी समोर धरली. नाही. माझ्याकडे बघत होते आणि डाव्या हातानं खाटेची कड थोपटत होते.

"अजी," मी म्हटलं, "मले बोलावून राह्यले काय?"

ते तसेच म्हणत राहिले. हो म्हणायला शब्द नव्हता, नाही म्हणायलाही नव्हता, आणि मान तर लकव्यापासून हो-नाहीला सारखीच हलायची. पूर्वी नुसत्या आवाजावरून मला सगळं कळायचं. मी कान देऊन ऐकलं, खूप ऐकलं. पाणी नको होतं एवढं कळलं, बाकी काही कळलं नाही. मग मी त्यांनी थोपटलं तिथं, खाटेच्या कडेवर बसले. वंदना संपली, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, आणि भरलेला ग्लास हातात धरून मी शेवटपर्यंत हलले नाही.