व्हर्लिन टॉर्गरसनचा उजवा डोळा

व्हर्लिन टॉर्गरसनने काउंटीच्या मातीच्या रस्त्यांवर एकतीस वर्षं ग्रेडर, म्हणजे रस्ते सारखे करायचं यंत्र, चालवला. तासाला चार मैलांच्या वेगाने दिवसभर पुढे बघत बसायचं म्हटल्यावर माणसाला लांबचं बघायची चटक लागते, तशी ती त्याला लागली. जवळचं मात्र विचारू नका. बायकोने, म्हणजे नोलाने, दिवाणखान्याचे पडदे बदलले ते त्याला सहा महिन्यांनी कळलं, तेही तिने सांगितल्यावर. पण पलीकडच्या टेकडीवर कुणाची गाय लंगडतेय हे तो अंगणातल्या खुर्चीत बसून सांगायचा, आणि संध्याकाळी त्या गायीच्या मालकाचा फोन यायचा, की खरंच लंगडतेय, तुला कसं कळलं.

थंडीचे पाच महिने हा माणूस तळघरात काढी. तिथे त्याचा इवलासा तराजू होता. त्यावर तो बंदुकीची दारू कणाकणाने तोलायचा, पितळी नळकांड्यांत भरायचा, वर गोळी बसवायचा आणि एकेक काडतूस दिव्याशी धरून पारखायचा. नोला शेजारणींना सांगायची, आमच्या तिन्ही लेकरांना ह्याने एवढ्या हळुवार हाताने कधी उचललं नाही.

हे सगळं जूनमधल्या दोन दिवसांसाठी. आर्डिस स्वेनसनच्या पश्चिमेकडच्या कुरणात खारींनी गावच वसवलंय. प्रेअरी डॉग म्हणतात त्यांना, बिळाच्या तोंडाशी उभ्या राहून भुंकतात म्हणून. अंगापिंडाने मात्र खारच, गुबगुबीत आणि मातकट. गवत मुळापर्यंत कुरतडतात, आणि बिळात पाय अडकून घोडा पडला की संपलाच. म्हणून दरवर्षी जूनच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी आर्डिस तिघा मित्रांना खारी टिपायला फाटक उघडून देते. एक व्हर्लिन. दुसरा नोलाचा भाऊ लॉनी, ज्याच्या गोळ्यांपेक्षा सँडविचंच जास्त संपतात. तिसरा गेलन नूटसन, आमच्या चर्चचा निवृत्त पाद्री, ज्याने चाळीस वर्षं गावाला खोटं बोलू नका म्हणून सांगितलं आणि गावाने ते मान हलवून ऐकलं.

तर गेल्या ऑक्टोबरात व्हर्लिनच्या उजव्या डोळ्यात काहीतरी आलं. अगदी मधोमध. काचेवर कुणीतरी श्वास सोडावा आणि तो पुसायचा राहून जावा, तसं. त्याने कुणाला सांगितलं नाही, म्हणजे आर्डिस सोडून गावात सगळ्यांना माहीत होतं. मार्चमध्ये त्याने पेट्रोल पंपावरच्या कचऱ्याच्या उभ्या पिंपाला हात केला, तब्येत कशी आहे म्हणून विचारलं, आणि लोक बघतायत हे लक्षात आल्यावर म्हणाला की मी वारा कुठून येतोय ते बघत होतो.

त्याच्या लपवण्याला कारण होतं. आर्डिसचा एकच नियम: गोळीच्या पुढे काय आहे आणि मागे काय आहे, हे ज्याला दिसत नाही त्याने नेम धरायच्या टेबलावर बसायचं नाही. तिच्या गायी तिकडेच चरतात. पाच वर्षांपूर्वी ह्या तिघांत चौथा गडी होता, हार्लन बुख. त्याला तिने एका दुपारी टेबलावरून उठवलं. पुढच्या वर्षी हार्लन नुसती खुर्ची घेऊन आला, मागे बसून कॉफी प्यायला. त्याच्या पुढच्या वर्षी तो आला नाही. व्हर्लिनला रात्रीबेरात्री आठवायची ती हार्लनची रिकामी खुर्ची, आणि मग झोप यायची नाही.

शनिवारी सकाळी त्यांनी टेबलं मांडली, वाळूच्या पिशव्या ठेवल्या, त्यांवर रायफली टेकवल्या. गेलन नेहमीप्रमाणे व्हर्लिनच्या शेजारी, तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून. नेम धरायचा एकाने, वारा सांगायचा आणि गोळी कुठे गेली ते बघायचं दुसऱ्याने, अशी त्यांची रीत.

ऊन चढलं तसं कुरण हलायला लागलं. दुर्बिणीतून बघितलं की जमिनीवरून मृगजळाचं पाणी वाहताना दिसतं. वारा डावीकडून असला की ते उजवीकडे लवंडतं, वारा पडला की सरळ वर उकळतं, आणि त्यात बिळांचे उंचवटे, तारेचं कुंपण, काळ्या गायी, सगळं तरंगत राहतं. व्हर्लिनला हेच आवडायचं. चाप ओढल्यावर चारशे यार्डांवर धूळ उडेपर्यंत अर्धा सेकंदही जात नाही, पण त्याच्या लेखी त्या अर्ध्या सेकंदात भरपूर जागा होती. त्यात त्याचा बाप गवताच्या गाडीवर उभा असायचा. एकतीस वर्षांचे सगळे रस्ते त्यात एकामागोमाग एक उलगडायचे, ताजे, सारखे केलेले, कुणी अजून चाक न घातलेले. मग धूळ उडायची आणि तो परत यायचा.

आता धूळ नीट दिसत नव्हती. दिसायचा तो वाफेमागचा मातकट ठिपका, आणि नंतर तो नसायचा.

"लागली," गेलन म्हणायचा.

दिवसभरात गेलनने अकरा वेळा लागली म्हटलं. व्हर्लिनचं इतकं चांगलं वर्ष कधीच गेलं नव्हतं. लॉनीने सूर्यफुलाच्या बियांची सालं थुंकत विचारलं की म्हाताऱ्याने तळघरात काय जादू केली. व्हर्लिन गालात हसला. मनात कुठेतरी एक काटा होता. पण पाद्री म्हणतोय लागली, तर आपण कोण विचारणार. उन्हात, शिंक्यासारख्या हलत्या त्या कुरणाकडे बघत, त्याने ते सुख अंगावर घेतलं.

रविवारी गेलनने पिकअपच्या मागच्या फळीला टेकून छोटीशी प्रार्थना म्हटली, इतकी छोटी की लॉनीला टोपी काढायलाही सवड मिळाली नाही, आणि मंडळी परत टेबलांवर. दुपारी तीनच्या सुमारास आर्डिस चार चाकांच्या मोटरसायकलवरून आली. मांडीवर रुबार्बचे आंबट देठ घातलेला केक. येताक्षणी तिने सांगितलं की पिंगळे आलेत, त्यांना जपा. खारींच्या जुन्या बिळात राहतात ते, वीतभर उंच, लांब पायांचे, आणि खारीसारखेच बिळाच्या तोंडाशी दिवसाढवळ्या उभे राहतात. ह्या वर्षी जोडी आहे, पिल्लंही असावीत, कुंपणाच्या बाजूला कुठेतरी. मागची दोन वर्षं आले नव्हते. एवढं सांगून ती मागे खुर्ची टाकून बसली आणि केक कापायला लागली.

व्हर्लिनने उंचवट्यावर काहीतरी उभं असलेलं हेरलं. मातकट, ताठ. त्याने गाल लाकडी दस्त्याला लावला.

"पांढऱ्या दगडाच्या उजवीकडचा?" गेलनने विचारलं.

"हं," व्हर्लिन म्हणाला. तिथे पांढरे दगड दोन होते, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आधी उंचवटा ठरवायचा, मग त्याच्या खुणा दोघांनी पुन्हा सांगायच्या, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. पण मागे केक होता, दुपार जड झाली होती, आणि शिरस्ता राहून गेला.

"वारा डावीकडून, ताशी आठ मैल. खार आहे, छान उभी आहे. मार."

सगळं जुळलेलं. व्हर्लिनचं बोट चापावर आलं. वाफेमागे तो ठिपका उभा होता. मग तो खाली वाकला आणि परत वर आला, कुणी ओळखीचं भेटल्यावर वाकावं तसा. खार वाकत नाही. पण मृगजळ वाकवतं. दुपारी तीन वाजता ते गायीलाही नाचवतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत. परत वाकला. की डोळ्यातली वाफच हलली?

पाद्रीने खार म्हटलं होतं. मागे आर्डिस बसली होती, आणि विचारायला तोंड उघडलं की ती ऐकणार होती. गप्प राहून बोट आवळलं तर पुढचा जूनही आपला. व्हर्लिन त्या अर्ध्या सेकंदाच्या जागेत, गोळी सुटायच्याही आधी, बराच वेळ उभा राहिला. तिथे ह्या खेपेला बाप नव्हता, रस्ते नव्हते. तो वाकणारा तेवढा होता.

त्याने बोट बाहेर काढलं. बोल्ट मागे ओढला, काडतूस टेबलावर ठेवलं.

"गेलन, इकडे माझ्या जागी बस आणि बघ. ही खार आहे की पिंगळा?"

"अरे, सांगितलं ना, खार—"

"माझ्या रायफलीवरच्या दुर्बिणीतून बघ. मला दिसत नाही."

मागे केक कापणारी सुरी थांबली. गेलन आला, बसला. बघितलं. बघतच राहिला. त्याच्या मानेवरून लाली वर चढत टकलापर्यंत पोचली.

"पिंगळा," तो म्हणाला. "पायाशी दोन डोकी पण आहेत. मी दुसऱ्याच दगडाकडे बघत होतो."

मग व्हर्लिनने, आता एवढं झालंच आहे म्हटल्यावर, विचारून टाकलं.

"काल किती लागल्या?"

"अकरा."

"गेलन."

पाद्रीने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तीन," तो म्हणाला. "तिसरीबद्दल शपथेवर नाही सांगता यायचं."

लॉनी एवढा हसला की बी घशात अडकली आणि पाठीत थापट्या माराव्या लागल्या. आर्डिस उठून आली. ती हसत नव्हती. व्हर्लिन तिच्याकडे न बघताच टेबलावरून रायफल उचलून गवसणीत घालू लागला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"ऑक्टोबर."

"डॉक्टरकडे गेलास?"

त्याने गवसणीची चेन ओढली.

"गायीच्या डोळ्यात फूल पडलं तर मी चाळीस मैलांवरून डॉक्टर आणते," आर्डिस म्हणाली. "आणि तू गायीपेक्षा शहाणा. टेबल सोड. डॉक्टरची चिठ्ठी दाखवलीस की परत मिळेल. नाही दाखवलीस तर नाही." ती वळली, मग परत फिरली. "आणि खुर्चीवर जाऊन बसू नकोस. हार्लन बसला होता तसा. तिथे बस, त्या मोठ्या दुर्बिणीशी. डावा डोळा धड आहे ना तुझा?"

डावा धड होता. त्याने तो लावला आणि तीस वर्षांत पहिल्यांदा चारशे यार्डांवरच्या जिवंत वस्तूकडे, पुढे काहीच घडवायचं नसताना, नुसतं बघितलं. पिवळे डोळे. पांढऱ्या भुवया, रागावलेल्या मास्तरांसारख्या. मृगजळाचं पाणी पोटऱ्यांवरून वाहतंय आणि हा त्यात उभा, पाय न भिजवता. पिंगळा वाकला. व्हर्लिनचीही मान नकळत थोडी खाली गेली. गेलनने ते पाहिलं. पण कालपासून आजपर्यंत त्याचं पुरेसं बोलून झालं होतं.

थोड्या वेळाने लॉनीने आपली नळी त्या बाजूला फिरवली आणि तिकडे गोळी मारू का म्हणून विचारलं. कुंपणाजवळ खारींची रांगच बसली होती.

"थांब," व्हर्लिन दुर्बिणीवरून डोळा न काढता म्हणाला.

"किती वेळ?"

"तो आत जाईपर्यंत."

लॉनीने खांदे उडवले, नळी खाली केली आणि केकचं ताट जवळ ओढलं. वारा पडला. मृगजळ सरळ वर उकळायला लागलं. एक पिल्लू बिळाबाहेर आलं, मग दुसरं, मग एक तिसरंही, जे कुणी मोजलंच नव्हतं. ताटातला केक संपला. गायी पाण्याकडे निघाल्या. पिंगळा काही आत गेला नाही.