कल्हईवाल्याने परत दिलेलं भांडं

देवावर माझी श्रद्धा आहे असं मी आयुष्यभर सांगत आले. पण जिला मी श्रद्धा म्हणत होते, तिच्यात माझा हट्ट किती होता आणि देव किती, हे मला एका आजारपणाने दाखवलं. ते सांगायचं म्हणजे माझ्या हातून घडलेली एक वाईट गोष्ट आधी सांगावी लागते. ती गाळून नुसत्या कृपेचं वर्णन करणं मला जमणार नाही. एकदोनदा तसं करून पाहिलं आणि दोन्ही वेळा कागद फाडून टाकले.

पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना नव्याने सुरू झाला, त्या वर्षांतली ही हकिगत. आमचे हे तिथे कामाला लागले आणि आम्ही सांगलीकडून येऊन कासारवाडीत दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. हे दिवसभर औषधांच्या कारखान्यात राबत आणि घरात मात्र औषधाची एक बाटली नव्हती. ती मीच येऊ देत नव्हते. लग्नानंतर काही वर्षं मला पोटदुखीने इतकं छळलं होतं की जगणं नकोसं झालं होतं. शेवटी एका निसर्गोपचार आश्रमात दोन महिने राहिले. पोटावर मातीच्या पट्ट्या, टबातलं कटिस्नान, उपास, एनिमा आणि सकाळ-संध्याकाळ रामनाम. मी खडखडीत बरी झाले. तिथून येताना एक वही भरून उतारे आणि एनिमाचं पत्र्याचं भांडं घेऊन आले, आणि त्या दिवसापासून माझ्यातला वैद्य जागा झाला तो झालाच.

आमच्या आळीत कुणाचं डोकं दुखलं, कुणाच्या अंगावर पुरळ उठलं, की बायका माझ्याकडे येत. मी पवनेकाठची माती चाळून, उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवत असे. गुण येई, नाही असं नाही. सर्दी-पडसं, अपचन, डोकेदुखी यांना माती आणि उपास आजही मी मानते. कुणी आभार मानले की मी म्हणत असे, राम करतो, मी नुसती निमित्त. हे म्हणताना मनात केवढं सुख होई. आता वाटतं, त्या सुखातच सगळी मेख होती.

शेजारच्या खोलीत शेवंता राहायची. ती इथलीच, रहाटणीची माहेरवाशीण. नवरा रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये होता आणि पाच वर्षांचा बाळू हा एकुलता एक मुलगा. बाळू आणि माझी सात वर्षांची कुसुम दिवसभर ओट्यावर खेळत असत. त्या पावसाळ्यानंतर बाळूला ताप आला आणि उतरेना. शेवंता माझ्याकडे आली. मी तिला डॉक्टरकडे जाऊ दिलं नाही, हे स्पष्टच लिहिते. जाऊ नकोस असं मी म्हणाले नव्हते, पण ‘जायचं तर जा, मग मला विचारू नकोस’ असं म्हणाले होते. तिच्यासारख्या भिडस्त बाईला तेवढं पुरे होतं.

तिसऱ्या आठवड्यात बाळूचा ताप थोडा खाली आला. सकाळी तो उठून बसला. मला वाटलं, आता आतला मळ काढून टाकला की पोर मोकळं होईल. वहीत तसंच लिहिलेलं होतं. मी रामनाम घेत घेत माझ्या हाताने त्याला एनिमा दिला. दुपारी तो पोट धरून ओरडू लागला, संध्याकाळी ओरडणंही थांबलं आणि दिवा लावायच्या सुमाराला तो गेला. शेवंता त्याला मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “रामाची इच्छा.” ते दोन शब्द आजही माझ्या तोंडात कडू लागतात. आळीतल्या बायकांनीही तेच म्हटलं. उलट माझीच समजूत घातली, की तुम्ही किती केलंत त्याच्यासाठी. शेवंता त्यानंतर माझ्याशी बोलेनाशी झाली. मी समजले, दुःखामुळे असेल.

आणि मग कुसुमला ताप आला. आमच्या सगळ्यांचं पाणी एकाच विहिरीचं होतं, एवढा साधा विचारही मला सुचला नाही. मी उपास सुरू केला, पोटावर माती, कपाळावर ओल्या घड्या. ह्यांनी दोनदा डॉक्टरचं नाव काढलं, दोनदा मी भांडले. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. पोरीचे डोळे खोल गेले, जीभ पांढरी झाली आणि ती हाक मारली तरी भिंतीकडेच बघत राही. मात्र एनिमाचं भांडं मी फळीवरून काढलं नव्हतं. हात धजत नव्हता. का धजत नव्हता ते मी स्वतःला विचारलं नाही. माझी श्रद्धा कमी पडते आहे असं मी समजत होते आणि त्याबद्दल रामाची क्षमा मागत होते. देव आतून माझा हात धरत होता आणि मी ते पाप समजत होते.

सतराव्या दिवशी सकाळी कुसुमचं पोट फुगलेलं दिसलं. मी मन घट्ट केलं, देवापुढे नमस्कार केला आणि भांडं खाली घेतलं. त्यात पाणी ओतून पाहिलं तर बुडाशी जिथे रबरी नळी बसते त्या तोटीच्या सांध्यातून पाणी गळत होतं. नेमका त्या दिवशी आळीच्या तोंडाशी, आमच्या खिडकीसमोरच्या कडुनिंबाखाली कल्हईवाला भाता लावून बसला होता. चाकणकडचा म्हातारा मुसलमान. महिन्या-दोन महिन्यांनी इकडे यायचा म्हणे, मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. मी त्याच्यापुढे भांडं ठेवलं आणि तोटीचा सांधा बुजवायला कथलाचा डाग द्यायला सांगितलं. कशासाठी ते सांगितलं नाही. शेवंताही पितळी पातेली घेऊन तिथे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी पाणी तापत ठेवायला घरी आले.

अर्ध्या तासाने परत गेले तेव्हा शेवंता नव्हती. कल्हईवाल्याने माझं भांडं जसंच्या तसं माझ्यापुढे केलं. मी विचारलं, का हो, डाग नाही दिलात?

“देनार न्हाई, बाई,” तो खाली मान घालून म्हणाला. “सतरा दिसांचा ताप हाय पोरीला. त्या पोटाला हात लावू नका. डॉक्टरला आना.”

मी संतापले. तू कोण मला सांगणारा, असंच म्हणाले. त्याने भाता ओढायला सुरुवात केली. मी भांडं उचलून तरातरा निघाले आणि घराच्या पायरीशी माझे पाय थांबले. ह्याला कुसुमच्या तापाचं कसं कळलं? सतरा दिवस हे कसं कळलं? मी तर त्याला एक अक्षर सांगितलं नव्हतं. तो सगळा ताठा, ती वही, आश्रमातले दोन महिने, सगळं क्षणात गळून गेलं आणि मी पायरीवरच बसून लहान मुलासारखी रडले. रामा, मला काही कळत नाही, तूच सांग, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा खरोखर म्हणाले. मग पदराने तोंड पुसलं आणि आळीतल्या एकाला कारखान्यावर ह्यांना निरोप द्यायला पाठवलं.

हे पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतल्या एका सिंधी डॉक्टरांना घेऊन आले. वयस्कर गृहस्थ, स्वतः सगळं गमावून आलेले. हिंदी-मराठी मिसळून बोलत. त्यांनी कुसुमचं पोट अगदी हलक्या बोटांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, की जुलाब किंवा पिचकारी, म्हणजे एनिमा, काही दिलंय का. नाही म्हटल्यावर त्यांनी श्वास सोडला. हा मुदतीचा ताप, टायफॉइड आहे, त्यात आतड्याला आतून जखमा होतात, तिसऱ्या आठवड्यात आतडं इतकं पातळ होतं की जोर पडला तर फाटतं, मग कुणी काही करू शकत नाही, असं त्यांनी ह्यांना समजावून सांगितलं. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. हे माझ्याकडे पाहत नव्हते. बाळू कसा गेला ते आम्हा दोघांनाही त्याच क्षणी कळलं.

नव्या गोळ्या पुण्याहून आणल्या. डॉक्टरांनी उपास बंद केला, तांदळाची पातळ पेज द्यायला सांगितली. विहिरीचं पाणी उकळून प्यायला सांगितलं. ओल्या घड्या मात्र चालू ठेवा म्हणाले, अंग पुसत राहा, हे तुम्ही चांगलं केलंत. त्या एवढ्याशा कौतुकानेही मला लाजल्यासारखं झालं. चार-पाच दिवसांनी ताप उतरणीला लागला. केस सगळे गळाले, पायांत त्राण येईना, पण पोर वाचली. तिने पहिल्यांदा पेजेत मीठ नाही म्हणून तोंड वाकडं केलं तेव्हा मी देवघरासमोर डोकं टेकून किती वेळ बसले होते कुणास ठाऊक.

तिला बरं वाटल्यावर मी एकटीच देहूला गेले. इंद्रायणीत पाय धुतले, देवळात जाऊन विठोबासमोर सगळं कबूल केलं. कल्हईवाल्याच्या रूपाने तू आलास, असंही म्हणाले. मन हलकं होईल असं वाटलं होतं. झालं नाही. परतीच्या वाटेवर कळून चुकलं की देवाला सांगणं सोपं होतं म्हणून मी तिथे गेले होते. जिला सांगायचं होतं ती माझ्या भिंतीपलीकडे राहत होती. आणखी आठ दिवस मी टाळलं. रोज सकाळी ठरवायचं, रोज काहीतरी काम निघायचं. शेवटी एका दुपारी गेले. शेवंता दारात बसून ज्वारी निवडत होती.

मी समोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, “शेवंता, बाळूला माझ्या हाताने मरण आलं.”

तिचा हात थांबला नाही. “ठावं हाय मला,” ती म्हणाली.

मग तीच सुपाकडे बघत बोलू लागली. त्या दिवशी सकाळी बाळूने भाकरी मागितली होती. मी उपास म्हणून देऊ दिली नव्हती. दुपारी त्याचं पोट लाकडासारखं झालं ते तिने हात लावून पाहिलं होतं. एनिमाच्या आधी ते मऊ होतं आणि नंतर तसं झालं, एवढं कळायला आईला डॉक्टर लागत नाही, असं ती म्हणाली. कुणाला सांगणार होती ती, सगळी आळी माझ्या पाया पडत होती. मग पुन्हा माझ्या हातात ते भांडं तिला दिसलं. कल्हईवाला तिच्या माहेरच्या ओळखीचा. मी घरात गेल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं आणि हात जोडून विनवलं, की याला डाग देऊ नका.

मी विचारलं, “मलाच का नाही सांगितलंस?”

“माझं ऐकलं असतं तुमी, वैनी?”

ऐकलं नसतंच. तिने सूप बाजूला ठेवलं आणि त्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं.

“खरं सांगते. आदी मनात आलं, व्हऊ दे. हिलाबी कळू दे कसं असतं ते. पातेली घिऊन गपच हुबी ऱ्हायले. तेवढ्यात तुमच्या कुसुमनं घरातनं आयेला हाक मारली. बाळू मारायचा तशीच. मग ऱ्हावलं न्हाई.”

एवढं बोलून ती आत गेली. तिने मला क्षमा केली असं मी म्हणणार नाही. तिने तसं कधी म्हटलं नाही आणि मला मागायचं धाडस झालं नाही. आम्ही पुढे नऊ वर्षं शेजारी राहिलो. सणावाराला ताटं इकडून तिकडे जात, कुसुमच्या लग्नात तिने हळद दळली. बाळूचं नाव मात्र आमच्यात पुन्हा निघालं नाही.

मी वही जाळली नाही. कुणी आलं तर आजही मातीची पट्टी देते, पण आधी ताप किती दिवसांचा ते विचारते, आणि मला कळत नसेल तर कळत नाही असं सांगून डॉक्टरकडे पाठवते. हे दोन शब्द शिकायला मला दुसऱ्याचं मूल लागलं. लोक विचारतात, तुम्हाला देवाचा अनुभव आला का. आला. कल्हईवाल्याच्या रूपात तो आला असं मी काही दिवस समजत होते आणि त्यात मला थोडा अभिमानही वाटत होता. पण देव त्या कडुनिंबाखाली कल्हईवाल्यासमोर हातात पातेली धरून उभा होता, त्याचं मूल मी मारलेलं होतं, आणि तरी तो माझ्या मुलीच्या हाकेला ओ देऊन गेला.