तेलाऐवजी आणलेला देव

लग्नाचं दुसरं वर्ष चालू होतं तेव्हाची मी म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. सातवी पास. घरातल्या बायकांत वाचता येणारी मी एकटी, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं याबद्दल मला शंका नव्हती. पुड्याचा कागदसुद्धा मी वाचून मगच चुलीत घालायची. अशा बाईच्या हातात तेलाचा डबा आणि पैसे देऊन सासूबाईंनी तिला आमच्या सेनगावकडच्या गोरेगावच्या बाजाराला पाठवलं, ही खरं तर त्यांची चूक.

बाजारात तांड्यावरची एक म्हातारी मिरच्या घेऊन बसायची. तिच्या गळ्यात नाण्यांची माळ असायची. त्या दिवशी त्यातल्या एका नाण्याची कडी तुटली होती आणि ते तिनं पदराच्या गाठीला बांधलं होतं. मला दाखवलं. रुपयाहून लहान पण जाडजूड, कडेनं वेडंवाकडं. एका बाजूला माणसाचं तोंड, नाक चांगलं धारदार, डोक्याला पानांची पट्टी. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई, हातात काठी.

"कुण्या राजाचं हाय हे?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक, बाई? माझ्या आजीच्या गळ्यात व्हतं."

मी उलटसुलट बघितलं आणि तिला छातीठोकपणे सांगितलं की हा इंग्रजांचा राजा. ती म्हणाली, "आसंल." मग मी तेलाचे सगळे पैसे तिच्या हातावर ठेवले. एवढे तिनं मागितलेही नव्हते. तिनं वर दोन मुठी मिरच्या दिल्या, बहुतेक कीव येऊन.

हे नाणं गळ्यात घालून मिरवायचं, एवढाच माझा बेत होता. गावापर्यंतची सगळी वाट चालून आले, पण तेलाचं काय सांगायचं ते सुचलं नाही. सुचलं ते थेट उंबऱ्यात.

"तेल कुठंय?" सासूबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, रात्री सपनात देव आला. म्हणला, मी बाजारात बसून राहिलो, मला घरी ने."

सासूबाईंनी नाणं हातात घेतलं. बराच वेळ बघितलं. "मिशी काहून न्हाई याला?"

आमच्या खंडोबाला झुपकेदार मिशी. मी म्हणाले, "तरणा हाय, आत्याबाई."

"अन् डोक्याला हे काय?"

"बाशिंग. लग्नातला हाय. मागं नवरी बघा की."

सासूबाईंनी नाणं उलटलं, नवरी बघितली आणि हात जोडले. त्या दिवशी बिनतेलाची भाजी झाली. कुणी तक्रार केली नाही. घरात देव आलेला असताना तेलाचा विषय कोण काढणार?

आमच्याकडे देव्हाऱ्यात टाक असतात, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले घरचे देव. त्या टाकांच्या रांगेत इंग्रजांचा राजा जाऊन बसला. आठ दिवसांनी हळूच काढून घेऊ, असं मला वाटलं होतं. माझ्या अकलेची धाव तेवढीच. बसलेला देव उठवून गळ्यात कोण घालू देतं? ज्याला मिरवायला आणलं त्याच्यापुढं मी रोज डोकं टेकायला लागले. सणावाराला त्याला टाकांबरोबर चिंच आणि राख लावून घासायचे. पाच-सहा दिवाळ्यांत धार गेली, पुढं नाकच गेलं.

पुढं वाटण्या झाल्या. देव थोरल्याकडे जातात, तसे ते माझ्या थोरल्या जावेकडे गेले. दोनच घरं सोडून राहते ती. त्याचं दर्शन मला होत राहिलं, नाणं मात्र हाताला लागलं नाही.

मग काही वर्षांपूर्वी आम्ही गावातल्या बायका सहलीला गेलो. एका संग्रहालयात काचेमागं तेच नाक. शाबूत. मी मोठ्यानं म्हणाले, "अगं बाई, हा तर आमचा देव!" पहारेकरी उठून जवळ आला. खाली पाटी होती: रोमच्या राजाचं नाणं, चांदी, सुमारे दोन हजार वर्षं जुनं. ती पाटी मी तीनदा वाचली. म्हणजे इंग्रजांचा नव्हे. हे त्या मिरचीवाल्या म्हातारीला कळवायला हवं होतं, पण तिनं तेव्हाही माझं खरं मानलं असेल असं वाटत नाही.

तिथून मला नाद लागला. नांदेडला नाण्यांचं प्रदर्शन भरलं की मी हजर. सुनेला सांगायचे, गुडघे दाखवायला चालले. तेव्हा तेलाचे पैसे रोमला गेले, आता औषधाचे जात होते. वयानं माणूस सुधारतो म्हणतात. माझ्यात फरक एवढाच की आता मी पावती घेत होते. अशी चार रोमन नाणी जमवली. ती जुन्या मसाल्याच्या डब्यात, वाट्यांमध्ये घरचा कापूस घालून ठेवली. मधली वाटी रिकामी ठेवली होती. ती कुणासाठी, ते सांगायला नको. आणि या नादातला पहिला धडा प्रत्येक विक्रेत्यानं मला शिकवला: जुनं नाणं घासायचं नाही. मी मान डोलवायची.

यंदा जावेच्या नातवाचं लग्न निघालं. लग्नाआधी टाक उजळून घ्यायचे, तर जावेची सून म्हणाली, झिजलेले आटवून नवेच करू. सोमवारी सेनगावच्या सोनाराकडे न्यायचं ठरलं. सगळ्यांत झिजलेला कोण होता, ते मला पक्कं ठाऊक होतं. कारण त्याला झिजवण्यात माझाही हात होता.

शनिवारी जावेकडे गेले. ती तुरीची डाळ निवडत बसली होती.

"जाऊबाई, त्यो बिनमिशीचा आटवू नका. देव न्हाई त्यो. रोमचा राजा हाय. मला सपन पडलंच नव्हतं. तेलाचे पैसे उडवले म्हणून खोटं बोलले मी."

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला.

"पडलं नव्हतं ते ठाऊक हाय मला. त्या राती माझं लेकरू तापानं फणफणलं व्हतं. तू अन् मी पहाटंपर्यंत त्याच्या कपाळावर घड्या ठिवत बसलो. तुझा डोळा लागला कवा, अन् सपन पडलं कवा?"

एवढी वर्षं मला वाटत होतं की माझी थाप पचली.

"मग तवाच बोलला काहून न्हाईत?"

"रातभर माझं लेकरू मांडीवर घेऊन बसलीस तू. दुसऱ्या दिशी तुला सासूपुढं खोटी पाडू?" तिनं सूप हलवलं. "अन् तू त्याला आणलंस त्याच दिशी दिवेलागणीला ताप उतरला. त्या लेकराच्याच पोराचं हे लग्न हाय."

"पण त्यो राजा हाय, जाऊबाई. परदेशातला."

"आसू दे की. राजाला बी कळतं लेकरू तापलेलं."

यावर माझ्याकडे पाटी नव्हती.

"आटवायचा न्हाई," ती म्हणाली. "पण माझ्या देव्हाऱ्यातून हलायचा बी न्हाई. अन् त्याचे भाऊबंद हायेत न्हवं तुझ्याकडं? तुझी सून सांगत व्हती. तुझे गुडघे नांदेडला बरे हुतात म्हणे."

सुनेलाही ठाऊक होतं तर.

"घेऊन ये त्यांना. एकलाच झिजका आसला तर माझी सून ऐकायची न्हाई. पाच झाले की म्या म्हणंन, हे पंचायतन हाय, मोडता येत न्हाई."

घरी येऊन मी डबा उघडला. देव्हाऱ्यात गेलेलं नाणं आपलं राहत नाही, हे माझ्याइतकं जिल्ह्यात कुणाला ठाऊक असेल? पण चार दिले नाहीत तर पाचवा आटणार होता. सोमवारी सकाळी जावेची सून सोनाराकडे निघायच्या आत मी डबा घेऊन गेले. जावेनं चौघांना त्याच्या दोन्ही बाजूंना बसवलं. चौघांचीही नाकं शाबूत. तो मधोमध, बिननाकाचा, पण सगळ्यांत थोरला दिसत होता. सून दोन टाक घेऊन सेनगावला गेली. पंचायतनाला तिनं हात लावला नाही.

मग जावेनं चिंच भिजवलेली वाटी पुढं ओढली.

"जाऊबाई, चिंच नको," मी घाईनं म्हणाले. "रात्री सपनात देव आला. म्हणला, आता आमाला घासू नका."

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"काल झोपली व्हतीस का पण?"