घोडा मरायला तयार नाही

प्रजासत्ताक दिन, सकाळचे दहा. कोपरखैरणे, आमच्या सोसायटीचं बॅडमिंटन कोर्ट. झेंडावंदन उरकलेलं. चुन्याने आखलेल्या चौसष्ट घरांवर माणसं उभी होती, आणि पांढऱ्याने काळ्या राजावर हल्ला केला.

बातमी एवढीच. नव्वदच्या दशकातली, आतल्या पानावरची. पण बातमी रद्दीत जाते आणि तिचे किस्से मागे उरतात. ते जिन्यात भेटतात, रिक्षा स्टँडवर भेटतात, लग्नाच्या पंगतीत भेटतात, आणि दर भेटीत थोडे थोडे खोटे होत जातात. आमच्याकडे तर आता अशीही माणसं हे किस्से सांगतात, जी तेव्हा इथे राहायलाही आली नव्हती! म्हणून खरं काय ते मी सांगतो. मी रिपोर्टर आहे, हातात माइक घेऊन तिथे उभा होतो, आणि ज्याला माझं म्हणणं मान्य नसेल त्याने समोर येऊन बोलावं.

*

सुरुवात कर्णिकांपासून.

कर्णिक म्हणजे ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालेला, पेन्सिलीला टोक केल्याशिवाय चहासुद्धा न पिणारा माणूस. त्यांनी नोकरीची सगळी वर्षं एकच कोडं रचलं होतं. पांढऱ्याची खेळी, चार खेळींत मात. पहिल्या खेळीत घोडा द्यायचा, दुसरीत हत्ती, तिसरीत खुद्द वजीर, आणि चौथीत साध्या प्याद्याने एक घर पुढे सरकून राजाला मात करायची.

"दर वेळी काळ्याला मोहरा घ्यावाच लागतो," कर्णिक सांगायचे. "घेतला की राजाची एक वाट बंद. त्याचेच लोक त्याला कोंडत जातात!"

हे कोडं त्यांनी दिसेल त्या पेपरला पाठवलं होतं. एकानेही छापलं नाही. त्यात माझाही पेपर होता, म्हणून मी संपादकांशी भांडलो. "म्हैस विहिरीत पडली तर आपण फोटो छापतो. माणसाने आयुष्य घातलं त्याला तीन इंच जागा नाही?"

संपादक म्हणाले, "वाचकाला आकृती कळत नाही. पटावर माणसं उभी करा. मात झाली तर फोटो छापतो, खाली त्यांचं नाव. नाही झाली तर नाही."

मी घरी येऊन कर्णिकांना सांगितलं. त्यांनी आधी पेन्सिलीला टोक केलं. मग म्हणाले, "नाव... पूर्ण नाव येईल ना? आणि एक अट. माझी एकही खेळी बदलायची नाही."

*

पांढरा जिंकणार, असं नोटीस बोर्डावर लागल्यामुळे निम्मी सोसायटी पांढऱ्यात आली. तालमीच्या पहिल्याच रविवारी कळलं, की जिंकण्याआधी मरायचंय.

पांढरा घोडा होते सबनीस. बँकेत कर्ज विभागात. त्यांनी दोन घरं सरळ, एक घर आडवं असं जाऊन बघितलं आणि थांबले.

"कर्णिक, मी इथे आलो की काळं प्यादं मला मारणार?"

"हो."

"बदल्यात काय मिळतं?"

"राजा."

"कधी?"

"शेवटी."

"तोपर्यंत तारण काय?"

"तारण वगैरे काही नसतं हो! हे बलिदान आहे!"

"म्हणजे अनसिक्युअर्ड," सबनीस म्हणाले आणि आपल्या घरात परत येऊन उभे राहिले. "माझ्या सहीने होणार नाही."

सबनिसांना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण जीव वाचवायचा म्हणून त्यांनी बुद्धिबळाचं जाड पुस्तक आणलं, आणि पुढच्या रविवारी आठ पानांचं अॅनॅलिसिस घेऊन उतरले. निष्कर्ष एकच: घोडा द्यायची गरज नाही, आधी हत्ती द्यावा!

कर्णिकांनी पटावरच दाखवून दिलं. हत्ती आधी दिला, तर राजा तिरका निसटतो.

"निसटू दे," मिसेस सबनीस बाजूने म्हणाल्या. शेवटची मात करणारं प्यादं त्याच होत्या. "निदान ह्यांनी काहीतरी वाचलं तरी!"

*

'आधी हत्ती द्यावा' हे हत्तीने ऐकलं होतं.

हत्ती होते खानविलकर, पावणे गावातल्या एका केमिकल फॅक्टरीत सेफ्टी ऑफिसर. पुढच्या तालमीला ते पिवळं हेल्मेट घालून आले. त्यांना काळ्या राजाच्या अगदी शेजारच्या घरात जाऊन मरायचं होतं. त्यांनी त्या जागेची पाहणी केली. चारी बाजूंनी फिरून आले.

"या जागेला बाहेर पडायची वाट नाही," ते म्हणाले. "अशा जागी मी माझ्या माणसाला पाठवत नाही, तर मी स्वतः कसा जाऊ?"

"वाट नसणं हाच तर हल्ल्याचा मुद्दा आहे!" कर्णिक म्हणाले.

"मुद्दा असेल, पण नियमात बसत नाही. हे बाजूचं एक घर मोकळं ठेवा, इमर्जन्सी एक्झिट म्हणून. मग मी जातो."

कर्णिकांनी डोक्याला हात लावला. "अहो, तिथूनच राजा पळेल!"

"पळू दे की! माणूस वाचला ना?"

*

वजीर होते सोसायटीचे सेक्रेटरी घोरपडे, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांना तिसऱ्या खेळीत आपण मरतो हे माहीतच नव्हतं, कारण तालीम कधी पहिल्या खेळीपुढे गेलीच नव्हती!

कळल्यावर ते शांत राहिले. इथेच मी सावध व्हायला हवं होतं. घोरपडे ओरडले तर घाबरायचं कारण नसतं. शांत राहिले, की मीटिंग लागते.

तशी लागली. एकच विषय. ठराव असा, की पदावर असताना सेक्रेटरींना सोसायटीच्या आवारात कोणत्याही कारणाने मारण्यात येऊ नये. पाठिंबा सबनिसांचा, कारण वजीर वाचला तर उद्या घोडाही वाचेल! ठराव बहुमताने मंजूर.

कर्णिक उभे राहिले. मी त्यांना त्याआधी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. "अहो, बुद्धिबळात बहुमत चालत नाही! हत्तीने वजीर घ्यायचा, तो हत्ती राजाच्या शेजारी येऊन बसतो आणि राजाची शेवटची वाट अडते. हे गणित आहे!"

"असंल की गणित," घोरपडे म्हणाले. "पर कोर्ट कुणाचं हाय? सोसायटीचं. सोसायटीत बहुमतच चालतंय, राव."

मी उठून विचारलं, "मग असाही ठराव करा ना, की वजीर न मारता मात झाली असं समजावं!"

खरं सांगतो, त्यांनी तो मांडलासुद्धा. चेअरमननी चहा मागवला म्हणून राहिला.

*

आता काळा राजा. हे दत्ताशेठ म्हात्रे, शेजारच्या बोनकोडे गावचे. आमच्या रस्त्याची अर्धी दुकानं त्यांची. खुर्च्या, मांडव आणि माइक तेच देणार होते, त्यामुळे त्यांना राजा करणं भाग होतं. आणि पांढरे सगळे आधीच भरलेले, म्हणून काळा राजा!

आपल्याला मात होणार, हे त्यांना दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. ते तडक कोर्टावर आले. पांढरा झब्बा, गळ्यात चेन, मागे चार माणसं.

"कर्निक सायेब, मना मात करताव? माज्याच गावान?"

कर्णिकांचा चेहरा पडला. दत्ताशेठ गेले की मांडव गेला, माइक गेला, फोटो गेला. ते चाचरत म्हणाले, "दत्ताशेठ, तसं नाही... राजाला कुणी मारत नाही. बुद्धिबळात राजा मरतच नाही."

"मंग काय व्हतं त्याचा?"

"त्याला जायला दुसरं घर उरत नाही."

"या शहरासाठी आमची जमीन गेली तवा तरी बोल्ले व्हते, बदली भूखंड देव. तुमी तो पन नाय देत?" दत्ताशेठ कोपऱ्यातल्या घरात पाय रोवून उभे राहिले. "मंग आयका. यो कोपरा माजा हाय. मी हितनं हलनार नाय!"

"बरोबर!" कर्णिक एकदम ओरडले. "हलायचं नाही! राजा हलूच शकत नाही, त्यालाच मात म्हणतात!"

दत्ताशेठनी विचार केला. "म्हंजे येवढी सगली मानसं आंगावर आली, आनि मी जागचा हललो नाय?"

"अजिबात नाही."

"आनि ती सगली मेली?"

"बहुतेक सगळी."

दत्ताशेठ मागे वळून आपल्या माणसांना म्हणाले, "आजून पन्नास खुर्च्या वारवा रं!"

*

राजा तयार, पण मोहरे मरेनात. प्रजासत्ताक दिन तोंडावर आला. संपादक रोज विचारायचे, "मात होतेय का?" कर्णिकांची भूक गेली होती. ते संध्याकाळी एकटेच कोर्टावर जाऊन चुन्याच्या रेघा सारख्या करत बसायचे.

तोडगा मिसेस सबनिसांनी काढला. त्यांनी नोटीस बोर्डावर एक ओळ लिहिली: 'कार्यक्रमाच्या दिवशी वडे व चहा, मेलेल्यांना प्रथम.'

पुढच्या तालमीचं वर्णन मी कसं करू! पांढऱ्याची पहिली खेळी मी माइकवरून पुकारायच्या आत सबनीस उडी मारून काळ्या प्याद्यापुढे जाऊन उभे. "मार, मार लवकर!" खानविलकर हेल्मेट काढून धावले. घोरपडे म्हणाले, "ठराव पुढच्या मीटिंगला मागं घिऊ," आणि तेही निघाले. ज्यांचा हल्ल्याशी काही संबंध नव्हता, असे दोन काळे उंट शेजारी शेजारी आडवे पडले!

"अहो, तुम्हाला कुणी मारलं?" कर्णिकांनी विचारलं.

"हार्ट अॅटॅक," एक उंट म्हणाला. "वडे कुठायत?"

त्यांना उठवून, तालमीला वडे नसतात हे समजावून, परत आपापल्या घरात उभं करायला मला दुपार लागली. लोकांना बलिदानाचा अर्थ कळत नाही, असं जे म्हणतात त्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

*

आणि मग तो दिवस.

सगळं कर्णिकांच्या मनासारखं झालं. घोडा गेला. प्याद्याने घेतला. हत्ती गेला, काळ्या घोड्याने घेतला, आणि दत्ताशेठनी जागेवरूनच खानविलकरांच्या खांद्यावर थाप मारली आणि पुन्हा पाय रोवले. घोरपडे छाती काढून राजाच्या पुढ्यात जाऊन मेले. काळा हत्ती त्यांच्या जागी आला आणि शेवटची वाट बंद झाली. मिसेस सबनीस पदर खोचून एक घर पुढे सरकल्या.

"मात!" मी माइकवर ओरडलो.

टाळ्या, शिट्ट्या. मेलेल्यांनी वड्याची प्लेट खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. दत्ताशेठ जागचे हलले नाहीत. त्यांची माणसं 'शेठ, शेठ' करत होती. आमच्या फोटोग्राफरने पाण्याच्या टाकीवर चढून अख्ख्या पटाचा फोटो घेतला. कर्णिक कोर्टाच्या कडेला उभे होते. "एकही खेळी बदलली नाही," ते मला म्हणाले. "एकही नाही!"

पाहुण्या म्हणून शिरवणे गावाहून एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या होत्या. कार्यक्रमपत्रिका घोरपड्यांची, त्यात शेवटचं कलम होतं: दोन्ही राजांचा सत्कार. दोन शाली, दोन नारळ.

बाईंनी दत्ताशेठना शाल घातली, नारळ दिला. पुन्हा टाळ्या. मग त्यांनी दुसरा नारळ हातात घेतला आणि म्हणाल्या, "आता पांढऱ्याच्या राजांनी पुढे यावं."

कुणी आलं नाही.

मी माइकवरून पुकारलं, "पांढरे राजे, कृपया पुढे या."

सबनिसांनी खानविलकरांकडे पाहिलं. खानविलकरांनी घोरपड्यांकडे पाहिलं. घोरपडे म्हणाले, "कोन हाय त्यो? लाजू नका राव, या!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग सगळे कर्णिकांकडे बघायला लागले. कर्णिकांनी खिशातून आकृती काढली, उलगडली, चष्मा पुसला, परत लावला. आधी एक कोपरा पाहिला, मग दुसरा, मग कागद उलटा करून पाहिला.

दत्ताशेठ अजून आपल्या कोपऱ्यातच उभे होते. नारळ काखेत धरून त्यांनी विचारलं, "ज्याच्यासाठी येवढी मानसं मेली, तो हाय कुटं?"

सव्वीसला छापखान्याला सुट्टी, म्हणून सत्तावीसला पेपर नसतो. अठ्ठावीसला फोटो आला, तीन कॉलम, खाली कर्णिकांचं पूर्ण नाव. फोटोत चौसष्टच्या चौसष्ट घरं स्पष्ट दिसतात. पांढरा राजा एकाही घरात नाही. यावर कर्णिकांनी, कमिटीने किंवा आमच्या संपादकांनी अजूनपर्यंत एक शब्दही काढलेला नाही.